बसऱ्याचे रासकर

बोरवंडात रासकरांची बारा घरं. त्यांतल्या एकाच घराला गाव 'बसऱ्याचे' म्हणतं. सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, मतदारयादीत कुठंच हे नाव नाही, पण पत्रिका वाटायला आलेल्या माणसानं जालिंदर रासकरांचं घर विचारलं, की पारावरचा कोणीही हात करून सांगतो, "बसऱ्याचे व्हय? त्ये काय, शेवंतीच्या रानापल्याड."

जालिंदरचे आजोबा मल्हार १९१६ साली इराकमधल्या बसऱ्याला गेले. तिकडं इंग्रजांची तुर्कांशी लढाई चालली होती आणि वरवंडच्या बाजारात भरतीवाले बसले होते. त्यांना पलटणीसाठी मराठ्यांची पोरं हवी होती. माळ्याच्या मल्हारला त्यांनी खेचरं हाकायला घेतलं. वय एकोणीस. घरी सतरा वर्षांची बायको, नकुशी, पाच महिन्यांची पोटुशी. केडगावच्या स्टेशनात तो गाडीत बसला. नंतर दोन पत्रं आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. दोन्हीत खेचरांची आणि तिकडच्या उन्हाची हकिकत. १९१७च्या दिवाळीनंतर पत्र नाही, माणूस नाही आणि मेल्याची खबरही नाही.

गावातून त्या लढाईत एकतीस जण गेले होते. सत्तावीस परतले. पुढं सरकारनं चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवली: या गावातून महायुद्धात एकतीस माणसे गेली, त्यांपैकी चार मेली. नावं नाहीत, नुसते आकडे. तीन घरांत मेल्याचे कागद आले होते, तेव्हा चौथा मल्हारच, असं गावानं धरून टाकलं. नकुशीनं धरलं नाही. "कागद कुठाय?" एवढंच ती विचारायची. तिनं कुंकू पुसलं नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या नाहीत; एखादीनं बोलावलंच, तर तिच्या कपाळाला बोट लावताना बाकीच्या दुसरीकडं बघायच्या. त्यानं तिकडं दुसरी केली, असंही काही जण म्हणत. नकुशीच्या कानावर ते आलं, की ती म्हणायची, "केली आसंल तर करू द्या. जिता आसंल तर झालं."

१९६२ साली ती गेली तेव्हा जालिंदर पंधरा वर्षांचा होता. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, पांढऱ्या कापडात बांधा. जालिंदरची थोरली बहीण झुंबरबाई तेव्हा तेवीस वर्षांची, भांडगावला दिलेली. कडेवरचं मूल खाली ठेवून ती दारात आडवी उभी राहिली. "माझी आजी सवाष्ण हाय. हिरवं लुगडं आणा, न्हाईतर मढं हलू देणार न्हाई." दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी हिरवं लुगडं आलं, मळवट भरला, ओटी भरली आणि नकुशीला तशी नेली.

ह्या सगळ्याला साठ वर्षं उलटली. झुंबरबाई स्वतः विधवा होऊन भावाकडं राहायला आली. जालिंदरची शहात्तरी झाली. आणि २०२३च्या जुलैमध्ये ग्रामपंचायतीत आदेश आला, की स्वातंत्र्याच्या पंचाहत्तर वर्षांनिमित्त गावोगाव शिलाफलक उभारायचा आणि त्यावर देशासाठी लढलेल्या गावच्या माणसांची नावं कोरायची.

सरपंच बाळासो पाटलांच्या घरातले. माणूस तोंडानं मोठा पण मनानं वाईट नाही. त्यांनी मारुतीच्या देवळात ग्रामसभा बोलावली. मच्छिंद्र गुरुजींनी, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, ह्याच निमित्तानं गावाच्या इतिहासाची चाळीस पानांची पुस्तिका लिहायला घेतली होती. तिच्यातली पानं त्यांनी सभेत वाचली. यादवांच्या काळातलं नदीकाठचं महादेवाचं देऊळ. मग निजामशाही, मग शहाजीराजांची जहागीर. भीमथडीची तट्टं पार अटकेपर्यंत कशी दौडली ते. पानिपतावर पडलेले पाटील घराण्यातले एक पुरुष. मग एकोणीसशे बेचाळीसला भूमिगत राहून रेल्वेच्या तारा तोडणारे बाळासोंचे चुलत आजोबा. मग सत्तेचाळीसची पहाट आणि चावडीवर चढवलेला तिरंगा.

वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. जालिंदर मागं खांबाला टेकून बसले होते. टाळ्या थांबल्यावर ते उठले.

"गुरुजी, लई चांगलं लिवलंय. पर घोड्यांचं लिवलंत, खेचरांचं ऱ्हायलं."

लोक हसले. जालिंदर हसले नाहीत.

"माझ्या आज्याचं नाव घाला म्हनतो मी. मल्हार रासकर. त्या पाटीवरच्या चारांतला एक."

गुरुजींनी चष्मा काढला. "जालिंदर, त्या चारांची नावं सरकारी कागदात मला कुठं सापडली नाहीत."

"तिघांची गावाला ठावं हायेत. चौथा त्योच."

बाळासो म्हणाले, "आबा, राग मानू नका. पर हा फलक स्वातंत्र्याचा हाय. तुमचा आज्जा इंग्रजांच्या चाकरीत गेलता. आमच्या चुलत आज्ज्यानं ज्यांच्या तारा तोडल्या, त्यांच्याच. दोघांची नावं येका दगडावर कशी बसायची?"

"पानिपतावरचा तुमचा मानूस तरी कुणाच्या चाकरीत व्हता, बाळासो?" जालिंदर म्हणाले. "पेशव्याच्याच ना? राज्य कुणाचं बी आसू द्या. पाटलाच्या पोरानं तलवार धरायची, आन् आमी घोड्याला गवात कापायचं. इंग्रज आला तवा खेचरं हाकली. सोतंत्र झालं तवा कालव्याला जमीन दिली. आमचं नाव कोनच्या राज्यात येतंय, तेवढं तरी सांगा."

बाळासोंनी मुद्दा पटल्यासारखी मान हलवली. "कागद आणा आबा," ते म्हणाले. "मल्हार रासकर ह्या गावचा, लढाईत गेला, एवढा कागद दावा. मी सोता नाव घालतो. माझा शब्द हाय."

जालिंदरांची नात समृद्धी कुरकुंभच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत कामाला होती. सुट्टीच्या दिवशी आजोबांनी तिला सगळं सांगितलं. तिनं मोबाईलवर शोधाशोध केली आणि अर्ध्या तासात तिला कळलं, की त्या लढाईत मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था परदेशात आहेत. तिनं इंग्रजीत एक मेल लिहिला: मल्हारचं नाव, खेचरांची पलटण, गाव बोरवंड, तालुका दौंड, जिल्हा पुणे.

आठवड्यानं उत्तर आलं, की दौंड तालुक्यातली अशी नोंद नाही. जालिंदर दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग समृद्धीच गुरुजींकडं गेली.

"अगं, तेव्हा दौंड तालुका कुठं होता?" गुरुजी म्हणाले. "भीमथडी लिही, भीमथडी."

भीमथडी लिहिल्यावर चार दिवसांत एका पानाचा फोटो आला. जुनी वही, आखलेले रकाने, तिरप्या इंग्रजी अक्षरात शाई. समृद्धीनं तो गुरुजींच्या ओसरीवर बसून मोठा करून वाचला. जालिंदर शेजारी मांडी घालून बसले होते.

"ड्रायव्हर मल्हार," ती वाचू लागली. "म्हणजे खेचरं हाकणारा. सटवाचा मुलगा. गाव वरवंड, तालुका भीमथडी."

"वरवंड न्हाई. बोरवंड."

"त्यांनी वरवंड लिहिलंय, आबा." ती पुढं वाचायला लागली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "आबा, हे बसऱ्याला गेले नाहीत. म्हणजे तिथं वारले नाहीत. आजारी पडले म्हणून त्यांना जहाजानं मुंबईला पाठवलं. पंचवीस सप्टेंबर एकोणीसशे अठराला पुण्यात आणलं. लष्कराच्या दवाखान्यात. आणि नऊ ऑक्टोबरला वारले. इन्फ्लुएंझा."

"कुठं वारले?"

"पुण्यात."

जालिंदरांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी खाली बघत होते. बोरवंड ते पुणे सत्तर किलोमीटर.

शेवटचा रकाना गुरुजींनीच वाचला. नातेवाइकांना कळविल्याबद्दल. तिथं दोन ओळी होत्या. वरवंड येथे पत्र पाठविले. या नावाचा इसम गावी नाही, म्हणून पत्र परत.

वरवंड बोरवंडापासून चार किलोमीटरवर आहे. तिथल्या पोस्टमननं ते पत्र हातात धरून दोन-तीन जणांना विचारलं असेल. साथीचे दिवस होते, घरोघरी माणसं मरत होती. कुणी सांगितलं असेल, असा कोणी मल्हार आमच्यात नाही. त्याचं तरी काय चुकलं? खेचरांच्या तांड्यावर नावं लिहून घेणाऱ्या कुठल्याशा कारकुनाच्या कानाला 'बोर'च्या जागी 'वर' ऐकू आलं होतं, बस.

"तुझा कागद झाला, जालिंदर," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "बाळासो शब्द पाळतील."

जालिंदर उठले. त्यांनी चपला घातल्या. "आक्काला कसं सांगू?" ते एवढंच म्हणाले.

झुंबरबाई परसात लसूण सोलत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली, पण नजर शाबूत. जालिंदर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि कसलीही प्रस्तावना न करता त्यांनी सगळं सांगून टाकलं. समृद्धी दाराशी उभी होती.

झुंबरबाईचे हात थांबले नाहीत. चार-पाच पाकळ्या सोलून झाल्यावर तिनं विचारलं, "कोनचा म्हैना म्हनलास?"

"ऑक्टोबर. नवरात्राच्या टायमाला."

"आन् दवाखान्यात आनला कवा?"

"त्याच्या आदी चौदा दिस."

आता तिनं लसणाची सुपली बाजूला सरकवली. "आजी पुन्याला गेलती त्या साली," ती म्हणाली. "तापाच्या साली. मला कितींदा सांगायची. घटाला झेंडू इकायला गेलती, केडगावच्या ठेसनावरनं. पोरगं सासूपाशी ठिवलं आन् दोन डाल्या घेऊन ही येकलीच. म्हनायची, पुन्यात कुत्रं फिरत न्हवतं रस्त्यानं. देवाला फुलं कुनी घेतली न्हाईत. मढ्याव घालाया लोकं घिऊन गेली. दोन डाल्या अर्ध्या दिसात संपल्या आन् तिला लई वंगाळ वाटलं. रात मंडईतच काढली आन् दुसऱ्या दिशी आली."

तिनं बोटांवर दिवस मोजले.

"तवा त्यो व्हता म्हन की तिथं. जिता व्हता."

"व्हय," जालिंदर म्हणाले.

"लांब आसंल का रं त्यो दवाखाना मंडईपासनं?"

"गुरुजी म्हनत्यात, तासाभराची चाल आसंल."

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. मग ती जे बोलली, ते समृद्धीला अपेक्षित नव्हतं.

"जालू, मी मढं आडवलं तवा आजी सवाष्ण न्हवती तर."

"आक्का, तवा कुनाला ठावं व्हतं?"

"त्या म्हाताऱ्या म्हनत व्हत्या त्येच खरं निघालं. चव्वेचाळीस वरसं रांडावलेली बाई, आन् मी तिचा मळवट भरला."

"आजी," समृद्धी जवळ आली, "आता ते सगळं कोण बघतंय? आणि त्यांनी टाकलं नव्हतं खापरपणजीला, हे तरी कळलं ना? ते परत येत होते. घरीच येत होते."

"मी बघते," झुंबरबाई म्हणाली. "अजून मी हाय ना जिती? मी बघते."

तिसऱ्या दिवशी बाळासो स्वतः घरी आले. गुरुजींनी त्यांना पानाची प्रत दाखवली होती. खुर्चीवर न बसता ते ओट्यावरच टेकले.

"आबा, माझा शब्द पक्का. पानिपतानंतर आन् बेचाळीसच्या आदी, मधीच जागा काढली. मल्हार सटवाजी रासकर, मृत्यू १९१८. दगडवाल्याला उद्याच्याला मजकूर द्यायचाय. येवडं बगा, बरोबर हाय का."

त्यांनी कागद पुढं केला. जालिंदरांनी तो घेतला. ज्यासाठी ते भर सभेत उभे राहिले होते, ते नाव टाईप केलेल्या अक्षरांत त्यांच्या हातात होतं. आपल्या वडिलांना हे दाखवायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. वडील सत्तरीला आले, तरी गावातून 'बसऱ्याचा' अशी हाक आली की मागं वळून बघायचे.

आतून झुंबरबाई भिंतीला धरत बाहेर आली. "नगं," ती म्हणाली.

"काय नगं, आत्या?" बाळासो गोंधळले.

"नाव घालू नगंस. साल तर नगंच नगं."

"सालाबिगर घालू की मग. त्यात काय?"

"लोक इचारतील कवा गेला. तुझ्या गुरुजीच्या बुकात छापून यील. पोरं वाचतील." ती दाराच्या चौकटीत बसली, कारण तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं. "बाळासो, तू भला मानूस हायेस, घरी आलास. पर ऐक. आजी जलमभर म्हनायची, कागद कुठाय. त्यो कागद तिचा व्हता. तिच्या हातात पडला आसता, तर तिनं रडून घेतलं आसतं, बांगड्या फोडल्या आसत्या, पोराला सांगितलं आसतं तुजा बाप मेला. त्यो तिला न्हाई मिळाला. जिचा व्हता तिला न्हाई मिळाला, तर गावाला कशापायी द्यायचा?"

बाळासोंनी जालिंदरांकडं बघितलं. जालिंदर कागदाकडं बघत होते. मग त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि तो बाळासोंच्या हातात परत दिला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आक्का म्हनती तसं."

"आबा, पुन्ना इच्यार करा. दगुड पुन्ना पुन्ना बसत न्हाई."

"झाला इच्यार."

पंधरा ऑगस्टला शाळेसमोर शिलाफलकाचं उद्घाटन झालं. आठ नावं होती. पोरांनी लेझीम खेळली, बाळासोंनी भाषण केलं. फलकाला घालायचा शेवंतीचा हार जालिंदरांच्याच रानातला होता. ते कार्यक्रमाला गेले, शेवटपर्यंत उभे राहिले. गुरुजींची पुस्तिका वाटली गेली. तिच्यात सदतिसाव्या पानावर एक ओळ होती: पहिल्या महायुद्धात गावातून एकतीस जण गेले, पैकी चार परत आले नाहीत. जालिंदरांनी ती वाचली. ह्यात एक चूक आहे, असं गुरुजींना सांगावं असं त्यांच्या मनात आलं. चौघांतला एक परत आला होता, सत्तर किलोमीटर तेवढे राहिले होते. पण गुरुजींना ते ठाऊकच होतं. त्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलं होतं.

नवरात्राच्या आधी झुंबरबाईनं हट्ट धरला, पुण्याला जायचं. तेही केडगावहून रेल्वेनं. समृद्धीनं सुट्टी काढली. तिघं सकाळच्या गाडीत बसले. डब्यात कंपन्यांत कामाला जाणारी पोरं, कॉलेजच्या पोरी, बिहारकडचे दोन गवंडी. एकानं उठून म्हातारीला खिडकीची जागा दिली.

गुरुजींनी अंदाजानं जागा सांगितली होती. रिक्षानं तिथं पोचले, तर जुना दवाखाना वगैरे काही नव्हता. लांबलचक दगडी भिंत, वर तार, एक फाटक, फाटकावर बंदूक घेतलेला जवान. आतली झाडं तेवढी भिंतीवरून दिसत होती. मोठी, जुनी झाडं.

"माताजी, यहाँ रुकना मना है," जवान म्हणाला. मग तिचं वय बघून त्यानं आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि ती रस्त्याच्या पलीकडं, सावलीत ठेवली. पाण्याची बाटलीही दिली. झुंबरबाई खुर्चीत बसली. जालिंदर शेजारी उभे राहिले. कशाला नमस्कार करायचा, हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी हात नुसते समोर धरून ठेवले.

अर्धा तास झाला असेल. निघताना झुंबरबाईनं जवानाच्या हातावर हात ठेवला. "बाळा, कुठला तू?"

समृद्धीनं हिंदीत विचारलं. तो गोरखपूरकडचा होता.

"घरला फोन करतोस का?"

"रोज करता हूँ, माताजी."

"कर," ती म्हणाली. "कुठं हायेस त्ये सांगत जा."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. लोणी गेलं, उरुळी गेलं. झुंबरबाई खिडकीतून बघत होती. यवत आल्यावर तिनं समृद्धीला विचारलं, "मगाशी जाताना किती टाइम लागला गं?"

"सव्वा तास, आजी."

"सव्वा तास," ती म्हणाली. नंतर तिनं डोळे मिटले. पण ती झोपलेली नाही, हे जालिंदरांना दिसत होतं. तिचे ओठ हलत होते. केडगावला त्यांनी तिला हाताला धरून उतरवलं. फलाटाच्या बाकावर ती बसली आणि तिथं, एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा, मोठ्यानं रडली. आजूबाजूची माणसं थांबली. कोण गेलं, असं एका बाईनं हळूच विचारलं.

"आमचा आज्जा," जालिंदर म्हणाले, आणि त्या बाईनं पिशवी खाली ठेवून झुंबरबाईच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली.